ठकीला मराठीच कळायचं

हत्तीकाका कुणाच्याही घरी आले की कोट बाहेरच कठड्यावर टाकून येत. बर्फ असो, वारा असो, कोट आत यायचा नाही. "तुमच्या कार्पेटला हत्तीचा वास लागेल गं," म्हणत आणि कुडकुडत दाराजवळच्या खुर्चीवर बसत. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत तेव्हा मराठी घरं थोडी, आणि सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. काकाही डॉक्टरच, पण जनावरांचे. नागपूरहून शिकून आलेले. इथली परीक्षा द्यायची राहून गेली आणि शेजारच्या गावातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात ते जनावरांची देखभाल करायला लागले, ते लागलेच. गणपतीच्या जेवणाला कुणी नवखा "कुठल्या हॉस्पिटलला असता?" असं विचारायचा, तेव्हा आम्हीच ओशाळायचो. काका मात्र खुशीत सांगत, "माझा पेशंट एकच. चार टनांचा."

तो पेशंट म्हणजे तिथली एकुलती एक हत्तीण. बोर्डावर तिचं नाव 'प्रिन्सेस' होतं. काकांची ती ठकी.

माणसाच्या तोंडाआधी पायाकडे बघायची काकांना खोड होती. ब्याऐंशी साली मी लग्न होऊन आले आणि पहिल्याच थंडीत माझ्या टाचा फुटल्या. काकांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. पुढच्या रविवारी एका डब्यात पिवळं मलम घेऊन हजर. आठ दिवसांत टाचा गुळगुळीत झाल्या. मग कळलं की ते मलम ठकीचं. मी किंचाळलेच. "घाबरतेस काय? तिनं आजवर एकदाही तक्रार केलेली नाही," काका म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. हिवाळाभर हत्तीला काँक्रीटवर उभं राहावं लागतं, नखं चिरतात, तळवे चिघळतात, आणि पाय गेले की हत्ती गेला. म्हणून ते रोज कोमट मिठाच्या पाण्यात तिचे पाय शेकत आणि कानशीने नखं घासत.

हे सगळं चालायचं मराठीत. एकदा आम्ही मुद्दाम बघायला गेलो. "ठके, पाय दे," काका म्हणाले आणि त्या धुडाने अलगद पाय उचलून स्टुलावर ठेवला. "आता दुसरा. शहाणी माझी गं ती!" तिथले बाकीचे लोक इंग्रजीत घसा फोडून ओरडले तरी ती ढिम्म हलायची नाही. आमची पोरं आम्हाला फडाफडा इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि काकांची हत्तीण मात्र मराठीत ऐकायची, यावरून आम्ही त्यांना फार चिडवत असू. साहेबाने त्यांना कितीदा बजावलं होतं, हिला इंग्रजी शिकव, उद्या तू आजारी पडलास तर? काका मान डोलवत आणि शिकवत नसत. "मी आजारी पडतच नाही," म्हणत. चौदा वर्षांत ते नागपूरलाही गेले नव्हते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ठकीला दक्षिणेकडच्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात पाठवायचं ठरलं. तिथे ऊब होती, मोकळी जमीन होती, आणखी दोन हत्तिणी होत्या. काकांना खरंच आनंद झाला. त्यांनी पेढे वाटले. मग तिकडचे लोक दोन दिवस तिची ओळख करून घ्यायला आले आणि ठकीने त्यांना एकदाही पाय दिला नाही. ट्रकमध्येसुद्धा ती चढेना. शेवटी काकांनी "चढ" म्हटलं, तेव्हा चढली.

पंधरा दिवसांनी ते माझ्या स्वयंपाकघरात आले. चेहरा उतरलेला. "ती कुणाचंच ऐकत नाही. हट्टी आहे, डेंजरस आहे, म्हणतात. साखळ्या घालून पाय धुतात तिचे. तुझ्याकडे टेपरेकॉर्डर आहे ना? रेकॉर्ड करू या." मी कॅसेट लावली. काका ताठ उभे राहिले आणि रोजच्या आवाजात बोलले, "ठके, पाय दे." मग गप्प. मला वाटलं शब्द विसरले, मी बटण बंद करायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं. पाय उचलून स्टुलावर ठेवायला ठकीला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ते थांबले होते. मग म्हणाले, "शहाणी माझी गं ती." मी सिंककडे तोंड करून उभी राहिले. माझ्याच्याने बघवेना.

"माझी चूक आहे," जाताना ते म्हणाले. "ती फक्त माझं ऐकते, हे मला आवडायचं गं. दुसरं काही नाही."

महिन्याभराने परत आले. तिकडे ठकीची देखभाल करणाऱ्या मुलीचा फोन आला होता. बिचारी चांगली होती. कॅसेट लावल्यावर तीन दिवस ठकीने पाय दिला. चौथ्या दिवसापासून ती स्पीकरपाशीच उभी राहायला लागली, सोंडेने त्याच्या मागे-पुढे चाचपायला लागली. खाणं सोडलं. मग त्यांनी कॅसेट बंद केली.

"काका, तुम्ही जाऊन या ना," मी म्हणाले. "आम्ही तिकीट बुक करतो. तुम्हाला बघून ती खाईल तरी."

"खाईल. पायही देईल." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "मग मी निघेन. पहिल्यांदा सोडलं, तेव्हा तिला कळलं नव्हतं गं. तिला वाटलं, मी ट्रकमध्ये पुढे बसलोय. आता कळेल."

मला ते पटलं नाही. राग आला. "एवढा जीव आहे तर एकदा जाऊन तर यायचं," असं मी तोंडावर बोलले.

ठकी त्यानंतर दीड वर्ष जगली. पाय चिघळूनच गेली. काका तिकडे गेले नाहीत. बॉस्टनच्या विमानतळावर मात्र ते दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा विमान सुटेपर्यंत बाकावर बसून राहिले आणि घरी परतले. हे काकूंनी मला सांगितलं ते काका वारल्यावर, सगळे पांगल्यावर. तोवर माझं ते वाक्य परत घ्यायला ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.