स्टो कशामुळे भडकतात?

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ते स्टोचे प्रकरण मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. मी तंजावरकडच्या मराठी घरातला, गिंडीजवळच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो.

लेथवर काम करणाऱ्या एका कामगाराची तरुण बायको भाजून मेली. ‘स्टो भडकला,’ एवढेच तिने मृत्युपूर्व जबाबात सांगितले होते. तिच्या भावाला ते पटत नव्हते. “त्यानंच पेटवली, साहेब. मरतानाही ती त्याला वाचवून गेली.” शेजाऱ्यांनी सकाळी भांडण ऐकले होते. नवऱ्याला चौकशीला आणले. भांडण झाल्याचे त्याने कबूल केले, पण “तू पेटवलीस का?” असे विचारले की तो नुसता भिंतीकडे बघत राही. गुन्हेगार बहुधा फार बोलतात. पण गप्प बसणारा निर्दोष असतोच असे नाही. त्याच्या अटकेची तयारी सुरू झाली.

त्याच सुमारास एक बाई ठाण्यात आल्या. महाराष्ट्रातून आलेल्या, यजमान संरक्षण खात्याच्या कारखान्यात. भाजलेल्या स्त्रियांसाठी त्या एक छोटी संस्था चालवत. माझे तंजावरी मराठी ऐकून त्यांना आधी हसू आले, मग त्या मुद्द्यावर आल्या.

“अनुदानासाठी केलेला आमचा अर्ज परत आलाय. बायका कशामुळे भाजतात आणि पैसे दिले तर नेमकं काय थांबेल, असं अनुदान देणाऱ्यांनी विचारलंय. मला सांगता येईना. म्हणून आता इस्पितळात प्रत्येकीला विचारत असते.”

त्यांनी शहराचा नकाशा टेबलावर पसरला. जिथे स्टो भडकला तिथे शाईचा ठिपका. शहरभर ठिपके तुरळक होते. माझ्या हद्दीतल्या एका वस्तीत मात्र त्यांची दाटी झाली होती. त्या लेथ कामगाराचे घरही त्याच वस्तीत होते.

“इथले नवरे जास्त दुष्ट आहेत का, साहेब?”

“नवरे सगळीकडे सारखेच, बाई.”

“मग इथं वेगळं काय आहे?”

वस्तीत चौकशी केली, तेव्हा कळले की वेगळे होते ते रॉकेल. सगळी वस्ती एकाच हातगाडीवाल्याकडून रॉकेल घेत होती. त्याला बोलावले. माल चोख आहे, असे तो देवाची शपथ घेऊन सांगू लागला. पाठ केलेल्या उत्तराशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी ठाण्याचा चहाचा स्टो अंगणात ठेवायला लावला आणि त्याच्याच डब्यातले रॉकेल पुढे केले.

“भर आणि पेटव. सगळ्यांना चहा पाज.”

तो दोन्ही हात मागे घेऊन फाटकापर्यंत सरकला. पेटवू मी देणार नव्हतोच. पण मला हवे ते उत्तर मिळाले होते. रंगाच्या एका कारखान्याचा पहारेकरी त्याला रंग पातळ करायचे, भसकन पेट घेणारे थिनर चोरून विकत होता आणि हा ते रॉकेलमध्ये मिसळत होता. प्रयोगशाळेच्या अहवालानेही तेच सांगितले. दोघांवर गुन्हा दाखल झाला.

हे कळल्यावर नवरा पहिल्यांदा मोकळेपणी बोलला. “डबा का झाला नाही म्हणून मी ओरडलो. तिनं घाईघाईनं पंप मारला. मला वाटलं, मीच मारली तिला.” मेव्हणा तिथेच उभा होता. त्याने बहिणीच्या नवऱ्याची चप्पल शोधून त्याच्या पायाशी ठेवली आणि त्याला बरोबर घेऊन गेला.

बाईंनी अर्ज नव्याने लिहिला. माझ्याकडे पत्र मागितले आणि बजावले, “माझं कौतुक नको. आग कशी लागली आणि कशी टळेल, तेवढंच लिहा.” अनुदान मिळाले. संस्थेच्या बायका घरोघर जाऊन स्टो आणि रॉकेल तपासू लागल्या. इस्पितळात विचारणे मात्र बाईंनी थांबवले नाही. वस्तीतले ठिपके कमी झाले, पण पुरते थांबले नाहीत. जे उरले तेही त्यांनी पुढच्या अर्जात लपवले नाही.

पोलीस आग लागल्यावर पोहोचतो. आगीआधी पोहोचायचे तर नुसती कळकळ पुरत नाही, कारण माहीत असावे लागते, हे मी त्या बाईंकडून शिकलो. आणखी एक गोष्ट मला पुढे उमगली. रॉकेल शुद्ध आणि स्टो धड असूनही ज्या घरात बाई भाजली, तिथे ‘स्टो भडकला’ हे उत्तर आता कुणालाही देता येईना. तिथे मी बसून राहायचो आणि पुढचा प्रश्न विचारायचो.