एका हाताने सोललेले मटार

मुलुंडच्या डायलिसिस सेंटरमध्ये शेजारच्या खाटेवर एक बाई असायच्या. एक हात मशीनला जोडलेला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने शेंगा फोडून घरच्यांसाठी मटार सोलायच्या. मृत दात्याच्या किडनीसाठी चार वर्षं यादीत होत्या. घरात दोन धडधाकट मुलगे.

"एकाचं लग्न व्हायचंय, दुसऱ्याचं नुकतंच झालंय," असं त्याच सांगायच्या.

माझं ट्रान्सप्लांट ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण देतंय?"

"बायको."

"वाटलंच." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "तिला लागली असती, तर तुम्ही दिली असती?"

मी मशीनवरचे आकडे बघत राहिलो.

बायकोने मला हे अजून विचारलेलं नाही. ती मटार सोलायला बसली, की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.