मामांना हिरवं दाखवायला निघालो: मीरा रोड ते मुर्धा

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात. आम्ही रविवारी भाईंदरला गेलो. हसा खुशाल!

कारण माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हापासून मामा रत्नागिरीकडच्या घरी एकटेच. शिमग्याला गेलो तेव्हा माझा नवरा संदेश त्यांना बळेबळेच नया नगरजवळच्या आमच्या पाचव्या मजल्यावर घेऊन आला. मामा खिडकीशी बसत, समोरची खिडकी बघत. जेवण निम्म्यावर आलं. शेवटी एका सकाळी म्हणाले, "माझं गावचं तिकीट काढ. हितं मी बसून बसून मरेन." संदेशचा चेहरा उतरला. गावी त्यांना रात्री-अपरात्री काही झालं तर पाणी द्यायलाही कुणी नाही. मी म्हटलं, "मामा, रविवारी माझ्यासोबत फिरायला चला, मग ठरवा."

पहिला मुक्काम आमच्याच भागातलं महापालिकेचं उद्यान. सकाळी लवकर जा, नऊनंतर ऊन चटकतं. आत शिरलं की हॉर्नचा आवाज निम्मा होतो, हे मला दहा वर्षं इथे राहून पहिल्यांदाच जाणवलं. बाकावर दोन गुजराती आजी, पलीकडे योगावाले, बदामाच्या झाडाखाली पत्त्यांचा डाव. मी पाण्याची बाटली भरायला गेले आणि परत येऊन बघते तर काय, मामांनी लेंगा वर खोचून कोपऱ्यातला सगळा पाचोळा एका मोकळ्या वाफ्यात पसरलेला, आणि हातात विडीची काडेपेटी!

"चाचा! ये क्या कर रहे हो?" वॉचमन धावत आला.

"अरे, पातेरा वाया चाललाय. भाजून ठेवतो," मामा शांतपणे म्हणाले.

कोकणात पावसाआधी भाताचं रोप टाकायची जमीन अशी पालापाचोळा पसरून भाजतात. त्यांच्या हातांना वाफा दिसला, पाचोळा दिसला, दिवस तेच होते. बाकी काही त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी हिंदीत माफी मागता मागता घामाघूम झाले. वॉचमन भला माणूस, हसायलाच लागला. "अंकल, यहाँ सिर्फ बैठने का."

मामा बाकावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "बाग चांगली हाय गो. पण ही नुसती बघायची." मला वाटलं, झालं, आता गावचं तिकीट काढावंच लागणार.

तरी ठरल्याप्रमाणे पुढे निघालो. रिक्षाने भाईंदर पश्चिम, तिथे गरम वडापाव, मग स्टेशनबाहेरून उत्तनकडे जाणारी बस. तिकीट अगदी किरकोळ आहे, खिडकी मात्र धरा. इमारती मागे पडतात, खाडीचा खारट वास येतो, अधूनमधून जुनी मिठागरं दिसतात. आम्ही मुर्ध्याला उतरलो. रस्त्याच्या एका बाजूला पत्रे ठोकून बांधकाम चाललेलं, आणि पत्र्यांना अगदी चिकटून लाल माठ आणि मुळ्याचे वाफे. एक म्हातारी विहिरीवरून कळशी आणत होती.

मामा कुंपणाशी थबकले ते हलेचनात.

"काय बगता? पानी वतायला येतं का?" म्हातारीने विचारलं.

बस्स! मामांनी चपला काढल्या. पुढचा तास-दीड तास मी सावलीत बसून फक्त बघत होते. दोघं मुळ्यावरून चक्क भांडले. तिची भाषा वेगळी, ह्यांची वेगळी, पण एकमेकांचं सगळं कळत होतं. दुपारी तिने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे केली. मामांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

निघताना म्हातारी म्हणाली, "उद्या पन या. माजी कंबर जाते." मग पत्र्यांकडे हात करून म्हणाली, "पोरांनी जागा देऊन टाकलीय. यो पाऊस सरला का हितं पन बिल्डिंग. तवर हाय."

येताना ती जुडीभर माठ देऊ लागली. मी पैसे काढले तर चिडली.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला तो ह्याचा, की आमच्या ह्या एवढ्या मोठ्या शहरात एका माणसाला पोटभर जेवायला किती कमी जमीन लागते, आणि तेवढीही आम्हाला राखता येत नाही. बागा हव्यातच, त्या दोन गुजराती आजींना विचारा. पण एखादा वाफा हात लावायला मोकळा ठेवला, तर काय बिघडेल?

संध्याकाळी संदेश घाबरत घाबरत म्हणाला, "मामा... म्हणजे, बाबा, तिकिटाचं काय करू?" बिचाऱ्याची जीभही वळेना.

मामा माठ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "काढ. पाऊस सरल्यावरचं."