स्वाध्यायातला पाचवा प्रश्न

दुपारचं जेवण आटोपून जनार्दन आरेकर पडवीतल्या खाटेवर लवंडतात. छातीवर कुमुदच्या हस्तलिखिताची शेवटची पानं, हातात पेन्सिल. जनार्दनांचा सगळा जन्म वीज खात्यात वायरमनकी करण्यात गेला. बायको कुमुद चिपळूणच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची, पण तिचं लिहिलेलं त्यांनी कधी वाचलं नाही. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या जुन्या विचारवंतांची पोरांना ओळख व्हावी म्हणून तिनं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं आणि शेवटच्या धड्याशी ती गेली. आता प्रकाशकाकडं पाठवण्याआधी पानं तेच तपासतायत. ओळी पुसट होत जातात.

ते वर्गात शेवटच्या बाकावर बसलेत. फळ्याशी कुमुद आहे.

"अहो, आज इकडे कसे?"

"शेवटचा धडा समजत नाही गं. आत्म्याचा."

ती फळा पुसते, आणि दोघं वाशिष्ठीच्या घाटावर बसलेली आहेत. कुमुदचे पाय पाण्यात आहेत. पाण्याचा आवाज मात्र नाही.

"ग्रीकांतला एक जण म्हणायचा, त्याच नदीत परत पाय घालता येत नाही," ती सांगते. "आपल्याकडचे बौद्ध म्हणायचे, पाय घालणारा तरी तोच कुठं उरतो? कधी भेटले नाहीत एकमेकांना, पण शेजारी बसून बोलल्यासारखे वाटतात."

जनार्दन पाण्यात बोट बुडवून बघतात. "बल्ब गेला तरी तारेत वीज असतेच की. तसं काही?"

"आत्मा मानणारे असंच म्हणतील, इकडचे आणि तिकडचेही. चार्वाकमताचा माणूस मात्र विचारेल, बल्बाशिवाय उजेड पाहिलाय का कधी? ग्रीसमधले अणुवादीही त्याच्याच बाजूनं उभे राहतील."

"नाही पाहिला," ते विजेच्या खांबावरून म्हणतात. ते वर चढलेत. खाली कुमुद शिडी धरून उभी आहे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली.

"कुमुद, तू आहेस की नाहीस, तेवढं सांग."

"मी सगळ्या बाजू शिकवल्या. निवाडा कधी दिला नाही."

"मी तुझ्या वर्गातला पोरगा नाही. त्या घरात मी एकटा राहतो."

 ती शिडी आणखी घट्ट धरते.

"मला ठाऊक नाही हो," ती हळूच म्हणते. "ठाऊक नाही असं म्हणायला मला वर्गात आवडायचं. तुम्हाला सांगताना नाही आवडत."

जनार्दन एकेक पायरी उतरतात.

"या धड्याच्या स्वाध्यायात चारच प्रश्न झालेत," ती म्हणते. "पाचवा सुचत नव्हता. तुमचाच घाला."

"उत्तर नसलेला?"

"पोरं शोधतील. तुम्हीही शोधा."

शेवटच्या पायरीवर पाय टेकतो आणि खाट करकरते. पडवीत उन्हं कलली आहेत. जनार्दन उठून बसतात, मांडीवर घसरलेली पानं सारखी करतात. सगळ्यात वरच्या पानावर कुमुदच्या निळ्या शाईतले चार प्रश्न. त्यांच्या खाली पेन्सिलीनं, जनार्दनांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात एक ओळ:

५) गेलेलं माणूस असतं की नसतं? दोन्ही बाजूंनी लिहा.

ते ती दोनदा वाचतात. मग आत जाऊन पेन आणतात आणि एकेक अक्षर शाईनं गिरवतात.