कवळीमास्तरांची गिटार

कवळीमास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत. पण काम करताना हातातल्या कवळीला ते असे काही झापत, की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने एकदा गमतीने त्यांना मास्तर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते कायमचंच. "डावीकडून उंच का झालीस गं? सरळ बसायला काय होतं तुला?" असं ते त्या गुलाबी हिरडीला विचारत, कानशीने जरा घासत आणि पुन्हा साच्यावर बसवून बघत.

त्यांची खोली दवाखान्याच्या मागे, जिन्याखाली होती. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि मास्तरांच्या भुवयांवर कायम पांढरी भुकटी. पेशंट त्यांना कधी दिसत नसत, दिसत ते फक्त त्यांचे जबडे. कवळी छान बसली की पेशंट डॉक्टरांचे हात हातात घेऊन आभार मानत. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. तसं ते स्वतःच सांगत, आणि इतक्या वेळा सांगत की वाटत असणार हे उघड होतं.

मास्तरांचा एका वाक्यावर मात्र फार राग होता. कवळी टोचते अशी पेशंटने तक्रार केली की डॉक्टर म्हणत, "सवय होईल हळूहळू." मास्तरांच्या मते याच्याइतकं निर्लज्ज वाक्य अख्ख्या दंतवैद्यकात दुसरं नव्हतं. जिभेला साधा केस कळतो, मग तिने वाकड्या कामाची सवय का करून घ्यायची? त्यांची पद्धत सोपी होती. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये निळा कागद धरायचा, दात एकमेकांवर दाबायचे, आणि जिथे निळा ठिपका उमटेल तो उंचवटा घासून काढायचा. एकही ठिपका शिल्लक असेतो कवळी खोलीबाहेर जात नसे. स्वतःचा पुढचा दात पडून मात्र कैक वर्षं झाली होती. त्या जागी बसवायला त्यांनी दातामागून दात बनवले, पण मनासारखा एकही उतरला नाही. तोवर ओठ मिटून हसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

रविवारी दवाखाना बंद असे. त्या दिवशी बाहेरच्या खोलीतल्या, पेशंटनी बसून राहायच्या खुर्च्या भिंतीकडे सरकवून डॉक्टरांचा बँड सरावाला बसे. डॉक्टर आणि आणखी एक जण गिटार वाजवत, औषधाच्या दुकानाचे मालक ड्रम बडवत आणि एक विमा एजंट गात असे. गाताना त्याचे डोळे मिटलेले असत, त्यामुळे ऐकणाऱ्यांची तोंडं त्याला दिसत नसत. मास्तर रविवारीही काहीतरी काम काढून खोलीत येत आणि भिंतीला कान लावून बसत. तरुणपणी मित्राच्या गिटारीवर ते थोडेफार कॉर्ड शिकले होते. पुढे संसार आला, जबडे आले आणि गिटार मागे पडली ती पडलीच.

मग बँडमधला दुसरा गिटारवाला बदली होऊन गेला. एकदा खोलीवरून जाता जाता डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्हाला आवड आहे म्हणे. घ्या की एखादी गिटार. खुर्ची रिकामीच आहे."

'या कधीतरी घरी' म्हणतात ना, तसं ते म्हणाले. मास्तरांनी मात्र ते काळजावर कोरून घेतलं. त्या खुर्चीवर बसायचं आणि चार माणसांच्या कानावर पडेल असं काहीतरी वाजवायचं. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात राहून काम केलेल्या माणसाला दुसरं काय हवं असणार?

"इलेक्ट्रिक घ्या," बायको म्हणाली. "प्लग लावला नाही तर तिचा आवाज येत नाही, असं ऐकलंय."

दुकानदाराने नवशिक्यांसाठीची सगळ्यात स्वस्त गिटार दाखवली. सोबत छोटा अँप्लिफायर, वायर आणि खांद्यावरचा पट्टा फुकट. मास्तरांनी खिशातून भिंग काढलं आणि गिटारीची मान डोळ्याजवळ धरून वरून खाली न्याहाळली. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक गेलं हातचं.

"मान पुढे वाकलीय," मास्तर म्हणाले. "तारा फार उंच आहेत. मानेवरच्या आडव्या पट्ट्या एका पातळीत नाहीत. आणि माथ्याशी तारा अडकवायची ही खाचांची पट्टी तर कुणीतरी दाताने कुरतडल्यासारखी आहे."

"काका, या किमतीत असंच येतं. थोडी सवय झाली की..."

"हीच द्या," मास्तर म्हणाले. एवढे दोष एका जागी त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते.

अँप्लिफायर खोक्यासकट कपाटावर गेला आणि बायकोने त्यावर जादा पांघरुणं रचून ठेवली. गिटार मात्र जिन्याखालच्या खोलीत आली. मास्तरांनी आधी मानेतली सळई किल्लीने जरा जरा आवळत मान सरळ केली. मग तारा काढल्या, मानेवरच्या पितळी पट्ट्यांवर निळा कागद अंथरला आणि वरून पोलादी पट्टी फिरवली. कागद उचलला तर ठिपकेच ठिपके! मास्तरांना इतका आनंद झाला, की त्यांनी दार लावून घेतलं. प्रत्येक ठिपका त्यांनी घासला आणि कवळीच्याच पावडरने पट्ट्यांना चकाकी आणली. माथ्याशी असलेली ती कुरतडलेली खाचांची पट्टी उपटून टाकली आणि जवळ होतं त्या साहित्यातून नवी घडवली. त्यामुळे गिटारीच्या माथ्याशी हिरडीच्या गुलाबी रंगाची छान एक पट्टी आली.

"झालं का?" बायको अधूनमधून विचारी.

"अजून सेटिंग बाकी आहे."

एका तारेची बारीक खरखर जाई, तर दुसरीची सापडे. हवा कोरडी झाली की मान हलायची आणि सगळं पहिल्यापासून. कॉर्ड धरून बघायचा बेत रोज ठरे, पण बोटं अडखळली की मास्तर बोटांवर शंका न घेता गिटारीवर घेत आणि कानस हातात घेत. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. घासून सरळ करता येत नाही अशी गिटारीतली एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे वाजवणारा.

शेवटी एका रविवारी डॉक्टरच खोलीत डोकावले आणि गिटार मांडीवर घेऊन वाजवू लागले. थोड्याच वेळात त्यांचे डोळे विस्फारले. "मास्तर! ही स्वस्तातली गिटार? लोण्यासारखी चालतेय हो. माझी एवढी महागाची, पण तिला ही सर नाही!"

मास्तरांची छाती फुगली. आता डॉक्टर खुर्चीचं बोलतील म्हणून ते ओठ मिटून, मान खाली घालून उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "माझीही तेवढी करून द्याल?"

मग डॉक्टरांची आली. मग डॉक्टरांच्या ओळखीतल्यांच्या आल्या. जबड्यांच्या शेजारी गिटारी टांगल्या गेल्या आणि एकेकीच्या माथ्यावर गुलाबी हिरडी उगवू लागली. रिकाम्या खुर्चीवर एके रविवारी औषधवाल्यांचा मेव्हणा येऊन बसला. त्याला काही येत नव्हतं, पण तो येऊन बसला. मास्तरांना हे भिंतीपलीकडून कळलं आणि हातातली कवळी त्यांनी नको तिथे घासली.

दंतवैद्यांचं वार्षिक संमेलन ठरलं आणि त्यात बँडचा कार्यक्रम. आदल्या दुपारी डॉक्टर आपली गिटार घेऊन आले. "जरा नजर टाकून ठेवा. आणि हो, तुमची उद्यापुरती मेव्हण्याला द्या ना. त्याची अगदीच टाकाऊ आहे. तुमची काय, अजून सेटिंगमध्येच आहे!" असं म्हणून ते हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

डॉक्टर गेल्यावर मास्तरांनी निळा कागद अंथरला. मानेवरची एक पितळी पट्टी जराशी वर आली होती. त्या जागी डॉक्टर शेवटच्या गाण्यात एक सूर लांबवर ताणत आणि ताणताना छताकडे बघत. निळा ठिपका अगदी ठसठशीत उमटला होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. रागाने त्यांचे कान तापले होते. त्यांनी फडक्याने ठिपका पुसला आणि कानस जागेवर ठेवून दिली. नोकरीला लागल्यापासून असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. इतके सरळ, पांढरे दात एकत्र मास्तरांनी कधी पाहिले नव्हते. ते बायकोबरोबर शेवटच्या रांगेत बसले. मंचावर त्यांची गिटार मेव्हण्याच्या पोटावर लटकत होती, आणि मेव्हणा ती वाजवण्यापेक्षा जास्त करून धरून उभा होता. शेवटचं गाणं आलं. आता उठून ओरडावं, 'थांबा, तो सूर घेऊ नका' असं सांगावं, असंही त्यांना वाटून गेलं. डॉक्टरांनी छताकडे बघितलं आणि सूर ताणला.

खर्रर्र.

मास्तरांनी डोळे गच्च मिटले. त्यांच्या कानात तर पत्र्यावरून खडी ओतल्यासारखं झालं. डोळे उघडले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. डॉक्टर घामाघूम होऊन खाली आले आणि त्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "आजवर अशी कधी लागली नव्हती हो गिटार! काय जादू केलीत?"

घरी परतताना मास्तरांनी विचारलं, "शेवटी खरखर झाली, ती कळली तुला?"

"कुठे? मला सगळंच सारखं वाटलं."

"अगं, केवढी मोठी! मी मुद्दाम ठेवली होती ती."

बायको थांबली. तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की मास्तरांना जागच्या जागी लहान झाल्यासारखं वाटलं. पण ती रागावली नाही. म्हणाली, "म्हणजे इतके महिने जे घासत बसलात, ते तुमच्याखेरीज कुणाला ऐकूच येत नव्हतं? आणि मी वेडी वाट बघतेय, आज वाजवतील, उद्या वाजवतील. एक गाणं ऐकलं नाही हो मी तुमचं. मला वाटायला लागलं, गिटार तुम्ही दुरुस्त करायलाच आणलीत."

घरी पोचेतो मास्तरांना रडू येईल की काय असं वाटत राहिलं.

मेव्हण्याने गिटार परत केली. रविवारी मास्तरांनी कपाटावरची पांघरुणं बाजूला केली आणि अँप्लिफायरचं खोकं खाली काढलं.

"सेटिंग झालं?" बायकोने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले आणि चपला घालून, गिटार नि खोकं उचलून निघाले.

दवाखान्यात मेव्हणा त्या खुर्चीवर बसला होता. मास्तर दारात क्षणभर घुटमळले. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे पेशंटच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या होत्या, नेहमी असत तशाच. इतके दिवस भिंतीपलीकडे बसून आपण एका खुर्चीसाठी झुरत होतो, हे आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी एक खुर्ची ओढली, वायर लावली आणि कुणी काही विचारायच्या आत पहिला कॉर्ड छेडला.

या वेळची खरखर मात्र सगळ्यांना ऐकू आली. गिटारीचा त्यात काडीचाही दोष नव्हता. औषधवाल्यांचा ड्रम थांबला, एजंटने गाता गाता प्रथमच डोळे उघडले, आणि डॉक्टरांनी दाढ ठणकावी तसं तोंड केलं.

"मास्तर, कुठेतरी काहीतरी बिघडलंय बघा," डॉक्टर अवघडून म्हणाले. "खोलीत नेऊन जरा घासून आणता का?"

मास्तर हसले. ओठ मिटायचे राहूनच गेले.

"सवय होईल, डॉक्टर, हळूहळू," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कॉर्ड धरला. तोही चुकला.