बाळंतिणीच्या खोलीतली ऊब

मिल बंद झाली आणि पुढच्याच हिवाळ्यात आमच्या क्वार्टरांची लाइट गेली. गेली म्हणजे तोडलीच. आमच्या लाइनीला, क्वार्टरांच्या त्या रांगेला, वीज मिलमधून यायची. मीटर मिलचा, वायर मिलची. एका सकाळी माणसं आली, खांबावर चढली आणि वायर गुंडाळून घेऊन गेली. आपापलं कनेक्शन मागायला लोक विजेच्या दफ्तरात गेले, तर उत्तर मिळालं, जागा मिलची आहे, मिलकडून लिहून आणा. आणि मिलमध्ये लिहून द्यायला कोणी उरलंच नव्हतं.

मग बहुतेकांनी रस्त्यावरच्या खांबावर आकडे टाकले. बाबांनी टाकू दिला नाही. ते बॉयलरवर होते, सगळी नोकरी तिथेच गेली. म्हणायचे, "मिलमधून सुताचा तुकडा कधी घरी आणला नाही. आता खांबावरून करंट चोरू?"

शेजारचा त्यांना चिडवायचा, "काकाजी, करंट पे किसका नाम लिखा है?"

"माझं तर नाही ना लिहिलेलं," बाबा म्हणायचे आणि आत यायचे.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बीएस्सी केमिस्ट्री मी रॉकेलच्या चिमणीवर केली, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. सैपाक भुशाच्या शेगडीवर व्हायचा. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद उपसायची. उरलेल्या भोकात जाळ धरला की डबा तासन् तास धुमसत राहायचा. आईचे डोळे त्या वर्षात कायम लालच दिसले.

बाबांना काम नव्हतं. सकाळी मिलच्या गेटवर जाऊन उभे राहायचे, परत यायचे आणि फटी बुजवत बसायचे. आमच्या छताला कवेलू होते, मातीची कौलं, त्यांच्यातून पौषातला वारा सरळ अंथरुणात यायचा. त्यांनी छताखाली प्लास्टिक ताणलं, भिंतीच्या भेगांत चिकणमाती भरली, आतल्या खोलीच्या खिडकीला पोतं ठोकलं. हाताला तेवढंच काम उरलं होतं, आणि ते त्यांनी बॉयलरसारखंच केलं, चोख.

त्याच हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. तिचं सासर गौतमपुऱ्याला. पाठवताना तिच्या सासूबाईंनी आईला तोंडावरच सांगितलं, "विहीणबाई, आमच्याकडे लाइट जाते-येते, पण आहे तरी. तुमच्याकडे तर नाहीच. थंडीत, अंधारात बाळंतीण कशी ठेवणार तुम्ही?"

आई म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरचं. मी करीन." एवढंच बोलली. पण घरी आल्यावर मला म्हणाली, "हे जर आपल्याकडून झालं नाही ना, तर मिल बंद झाली म्हणून आपण पण बंद झालो, असंच समज."

डिलिव्हरी दवाखान्यात होणार होती. प्रश्न पुढच्या सव्वा महिन्याचा होता. आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. खोली बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा-शेपांची धुरी. आईचं असंच झालं, तिच्या आईचं असंच झालं. आईनं आतली खोली तयार केली, आणि थंडी फार पडली म्हणून एका ढगाळ दुपारी ताईला तिथे निजवून शेगडी आत ठेवली, दार लावलं. म्हणाली, "पाहू तरी, खोली कशी तापते."

मी कॉलेजातून आले तेव्हा ताई उठून बसायचा प्रयत्न करत होती आणि तिला बसता येत नव्हतं. डोकं फुटतंय म्हणाली. उलटी झाली. आई म्हणाली, "पित्त आहे. लिंबू दे."

मला पित्त वाटलं नाही. मी दार उघडलं, खिडकीचं पोतं ओढून काढलं आणि ताईला धरून ओसरीवर आणलं. आई ओरडली, "अगं, पोटुशी आहे ती! वारं लागेल!"

"लागू दे. निखाऱ्याचा वायू आहे हा. वास नाही, दिसत नाही, झोपेतच माणूस जातं."

"शहाणी आहेस. तुम्ही दोघी ह्याच शेगडीवर शेकल्या आहात. ह्याच खोलीत."

"तेव्हा कवेलू उघडे होते, आई. फटी होत्या. आता एक तरी फट उरली आहे का?"

बोलून गेले आणि मग दिसलं की बाबा दारात उभे आहेत. त्यांनी छताकडे पाहिलं, ताणलेल्या प्लास्टिककडे, मग ताईकडे.  ओसरीच्या कोपऱ्यात तिच्या पायाशी जाऊन बसले आणि तिचे तळवे चोळत राहिले.

संध्याकाळपर्यंत ताई सावरली. दवाखान्यात दाखवलं, पोटातलं बाळ ठीक होतं. परत आल्यावर ती आईला म्हणाली, "आई, राग नको धरू. त्या खोलीत शेगडी असेल तर मी बाळाला तिथे आणणार नाही. आणि शेगडी नसेल तर ह्या थंडीत पण आणणार नाही. मी दवाखान्यातून सरळ गौतमपुऱ्याला जाते." आईनं पदर तोंडाला लावला.  खोली का विषारी झाली ते मला माहीत होतं, ती तापवायची कशी ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा गेटवर गेले नाहीत. जुनी इंदूर भागातल्या कबाड्याच्या भंगारातून एक झाकणाचं पिंप आणि लोखंडी पाइप हातगाडीवर घालून आणले. मला म्हणाले, "आग बाहेर राहील. आत फक्त पाणी येईल. गरम पाणी."

मागच्या बोळात विटांवर पिंप ठेवलं, खाली भुशाची शेगडी. पिंपाच्या वरून पाइप भिंतीतून आत, बाजेखालून वळसा, आणि खालून परत पिंपात. आतल्या पाइपाला सगळ्यात उंच जागी एक उघडा डबा जोडला. "पाणी फुगलं तर त्याला जायला जागा पाहिजे. कोंडलेल्या वाफेशी मस्करी नाही," ते म्हणाले.

शेगडी पेटवली. अर्धा बोळ जमला.

"क्या काकाजी, मिल चालू कर दी?"

"भोंगा कधी वाजणार, भिया?"

बाबा हसले नाहीत. पाइप भिंतीजवळ चटके देत होता आणि बाजेखाली थंडगार होता. पाणी फिरतच नव्हतं. "मिलमध्ये पंप होता," ते हळूच म्हणाले. लोक पांगले. मी पाइपावर हात ठेवून बसले होते. कॉलेजात शिकले होते की तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं. इथे पिंप आणि पाइप एकाच उंचीवर होते, पाणी चढणार कुठे? म्हटलं, "बाबा, पिंप खाली घेतलं तर? खड्ड्यात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाकून पाइपाची उंची पाहिली आणि कुदळ आणायला गेले. खड्डा त्यांनी खणला, माती मी उपसली. एक कॉलेजची मुलगी बोळात घमेलं उचलते आहे, हे लोकांनी पाहिलं. पाहू दे.

ह्या वेळी बाजेखालचा पाइप हळूहळू कोमट झाला, मग ऊन झाला. परत जाणारा पाइपसुद्धा. बाबा तळहात त्याच्यावर टेकवून किती वेळ उकिडवे बसून होते. मग उठून त्यांनी खिडकीचं पोतं स्वतःच्या हातानं पुन्हा ठोकलं, पण वरून बोटभर फट सोडून. आई पाहत राहिली, पण ह्या वेळी वाऱ्याचं नाव काढलं नाही.

उजेडासाठी ट्रकची जुनी बॅटरी घेतली. तिच्यावर एक छोटा बल्ब लागायचा. बॅटरी उतरली की मी सायकलच्या कॅरियरला बांधून चार्जिंगला नेत असे. बल्ब पिवळट होता, पण बाळाचं दुपटं बदलायला चिमणी जवळ न्यावी लागत नव्हती.

ताईला मुलगी झाली. दवाखान्यातून न्यायला सासूबाई गाडी करूनच आल्या होत्या. बाबा त्यांना म्हणाले, "एकदा खोली पाहून घ्या. मग तुम्ही म्हणाल तसं." त्या ताईला आणि बाळाला घेऊन घरी आल्या. बाजेखाली वाकून पाहिलं, शेगडी कुठे ते शोधलं, धूर येतो का ते हुंगून पाहिलं. मग बाजेवर टेकल्या, आणि उठेचनात.

"सासूबाई, गाडीवाला थांबलाय," ताई म्हणाली.

"थांबू दे त्याला. माझी कंबर शेकते आहे." मग आईकडे वळून म्हणाल्या, "बाळीला टोपडं घालत जा. खिडकी उघडी आहे तुमची."

त्या गाडीनं एकट्याच परत गेल्या.

भुसा रोज ठासावा लागायचा, तो बाबा ठासत. पाणी आटलं की आई पाइपावरच्या उघड्या डब्यात ओतायची. मिल उघडली नाही आणि लाइनीला वीज पुढे कैक वर्षं आली नाही. पण माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्याच घरात झालं. सव्वा महिना ती खोली उबदार राहिली, आत धुराचा कण आला नाही, खांबावर आमचा आकडा पडला नाही, आणि मायलेकी दोघी धडधाकट गौतमपुऱ्याला गेल्या.