शाळेचा सिंगलबार कोणी केला

कडूबा मिस्त्रीचं नाव निघालं, की आमच्या गावात आजही लोक एवढंच सांगतात: त्यानं शाळेत कसलंसं लाकडाचं काम केलं आणि पोराचा हात मोडला. ऐकून माझं डोकं फिरतं. पण तेव्हा गप्प बसलेल्या माणसानं आता कोणावर ओरडायचं? गाव भोकरदनकडचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिथे शाळामास्तर होतो. चोवीस वर्षांचा, उर्दू झकास लिहिणारा आणि त्याची भलतीच घमेंड असलेला.

कडूबा पन्नाशीचा होता. मी त्याला खुशाल अरेतुरे करायचो, तो मला अहोजाहो. गावाचा सुतार, तीन पिढ्यांचा. गाड्या, वखर, तिफणी, पाळणे, सगळं त्याच्याच हातचं. त्याची एक रीत होती. लाकूड ज्याचं त्यानं आणायचं. कडूबा ते उलटंपालटं करायचा, लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीनं ठोकून ऐकायचा. लाकूड वाईट निघालं तर परत पाठवायचा. एवढं करून धनी म्हणाला, 'असंच कर', तर मग करून द्यायचा. पुढं काही झालं तर ते धन्याच्या माथी. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण त्या शब्दाला गावात कधी कोणी बदललं नव्हतं. पहिला बदललो तो मी.

निजामाचं राज्य होतं. फसली तेराशे चव्वेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चौतीस-पस्तीसला, वरून हुकूम आला, शाळेत कसरतीचं सामान पाहिजे. कुठून आणायचं ते हुकमात नव्हतं. गावाच्या मदतीनं बनवा, एवढंच होतं. काकासाहेब पाटलांनी विहिरीवरच्या मोटेची जुनी लाकडं काढून दिली. शाळा त्यांच्याच ओसरीत भरायची, तेव्हा मी वाकून वाकून आभार मानले आणि कडूबाला सिंगलबार करायला सांगितला. दोन खांब आणि वर आडवा दांडा.

कडूबानं दांडा ठोकला, पुन्हा ठोकला.

"मास्तर, खांब चालतील. हा दांडा आतून खाल्लेला हाय. पोरं लोंबकळायची ह्याला. पाटलाला सांगा, दुसरा द्या म्हणावं."

मी पाटलांकडे गेलो. खरोखर गेलो. ते चार लोकांत बसून शाळेला लाकूड दिल्याचं कौतुक करून घेत होते. माझी जीभ उचलली नाही. पान खाऊन परत आलो.

"काय म्हणले पाटील?"

"म्हणाले, असंच कर."

"त्यांच्या तोंडचा शब्द हाय ना?"

"हो रे बाबा, किती विचारशील?"

"मंग बराबर," कडूबा म्हणाला आणि कामाला लागला. तरी जाताना बजावून गेला, "लोहाराला लोखंडी पट्टी सांगल्ती, चार दिसांत देतो म्हणला. ती ठोकस्तोर पोरं चढू देऊ नका बिलकुल."

शाळा तपासणारे नाझरसाहेब दुसऱ्याच दिवशी आले. मी दांड्याला गेरू फासून ठेवला होता. साहेब खूश झाले, म्हणाले, एखाद्या मुलाला करून दाखवू द्या. तेव्हा मी 'थांबा' म्हणू शकलो असतो. एक शब्द. पण मला शाबासकी हवी होती. मी विधवा गोजरबाईच्या मच्छिंद्रला हाक मारली, कारण तो सगळ्यांत चपळ. तिसऱ्या झोक्याला दांडा कडाडला. मच्छिंद्र हातावर पडला आणि कोपराचं हाड बाहेर आलं.

संध्याकाळच्या आत साहेबांना लेखी जबाब हवा होता. सरकारी कागद उर्दूत, आणि तो लिहिता येणारा गावात मी एकटा. कागदावर एक रकाना होता: बनवणारा कोण. लाकूड देणारा कोण, 'असंच कर' म्हणणारा कोण, चढ म्हणणारा कोण, असे रकाने नव्हते. मला सोपं गेलं. पाटलांचं नाव घातलं असतं तर पाटील विचारणार, लाकूड वाईट आहे हे मला कोणी सांगितलं? मी कडूबाच्या तोंडी लिहिलं, 'लाकूड माझ्याच पारखीनं निवडलं, जिम्मेदारी माझी.'

कडूबाच्या डोळ्यांत पाणी होतं, मच्छिंद्रसाठी. कागदावर अंगठा टेकवताना त्यानं एवढंच विचारलं, "पाटलाचा शब्द लिवला ना, मास्तर?"

"लिहिला."

त्यानं अंगठा दिला.

महिन्यानं वरून हुकूम आला: या सुताराला सरकारी काम देऊ नये. चावडीवर तो मराठीत वाचून दाखवायचं काम माझंच. लोकांनी ऐकलं, पाटलांनी मान डोलावली. मग हळूहळू गाड्या जाफराबादच्या सुताराकडे जायला लागल्या. पाळण्याचं तर कोणी नावच काढेना. लेकुरवाळ्या बाया म्हणायच्या, त्याच्या हातचा नको. मच्छिंद्रचा हात वाकडाच राहिला. कडूबा दोन वर्षं न बोलावता गोजरबाईचं रान वखरून देत होता. मी एकदाही तिच्या दारात गेलो नाही.

आणि हा माणूस माझ्यावर रागावला नाही. त्यानं स्वतःपुरता हिशेब लावला होता: मास्तरनं खरं लिहिलं, पण वरच्यानं ते नीट वाचलं नाही. दोन-चार महिन्यांनी शाळेच्या दाराशी यायचा. "मास्तर, आणखी एक डाव लिवा की वर. आता तरी वाचतील." मी म्हणायचो, लिहितो. पुढे मला बढती मिळून मी परतूरला गेलो. तिथंही दोनदा चालत आला. मी म्हणालो, लिहिलंय, वाट बघ. "बघून राह्यलो की," म्हणाला.

निजामी जायच्या आदल्या वर्षी कामानिमित्त गावात गेलो तर कळलं, आठवड्यापूर्वीच कडूबा गेला. भेटायला जाणं भाग होतं. त्याची बायको चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून पदर सावरत उठली, मला बसायला पोतं टाकलं.

"शेवटपत्तुर तुमचंच नाव घेत व्हते," ती म्हणाली. "मला बजावलं, गाव काय बी बोलू दे, मास्तरला बोल लावायचा न्हाई. त्या एकल्यानंच माझं खरं लिवलंय." मग तिनं विचारलं, "मास्तर, तो कागद सरकारात अजून आसंल का हो? माझा नातू आता वाचाया शिकून राह्यलाय. त्याला एक डाव दाखवा."

मी म्हणालो, बघतो.